सॉरी म्हणायला मनाई

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. आइस्क्रीमचे रिकामे डबे जसे 'कधीतरी उपयोगी पडतील' म्हणून कपाटात साठत जातात, तसे ते साठतात. मग एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर कोसळतात! आयर्लंडमधल्या आमच्या एनिसच्या शनिवारच्या कॅरम मंडळाचं असंच झालंय. पाच-सहा मराठी घरं, एक बोर्ड, आणि चहा. आधी आमचे किस्से म्हणजे कुणाची सासूबाईंनी दिलेली लोणच्याची बरणी एअरपोर्टवर फुटली, कुणी राउंडअबाउटला सलग प्रदक्षिणा घातल्या, इतपतच. हेमंतचं बोट मशीनमध्ये गेलं आणि आमचा दर्जा एकदम वाढला.

हे मी हेमंतच्या परवानगीने सांगतोय, हं. खरं तर तोच जास्त रंगवून सांगतो. पण स्वतः जिथे रडला तेवढा भाग गाळतो. म्हणून मी सांगतो.

*

हेमंत आणि मी एकाच कंपनीत, शॅननजवळ. हॉस्पिटलात लागतात त्या बारीक नळ्या आम्ही बनवतो. तो मशीनं सांभाळणारा इंजिनिअर, मी क्वालिटीत. नळ्या पाकिटात घालून गरम पट्टीने सील करणारं एक मशीन आहे. त्याचं झाकण उघडलं की ते आपोआप थांबायला हवं. पण झाकणाचा स्विच बिघडला होता, झाकण बंद असतानाही मशीन सारखं थांबायचं. म्हणून कुणीतरी स्विचवर लोहचुंबक टेपने चिकटवून त्याला कायमचा गप्प केला होता. हेमंतने मॅनेजरला हे दोनदा सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "एवढी ऑर्डर जाऊ दे रे, मग बघू." ऑर्डर जायच्या आधी हेमंतचा उजवा हात आत गेला.

हा मॅनेजर म्हणजे डेक्लन. इथलाच, क्लेअरचा. हेमंत नवीन आला तेव्हा त्याला भाड्याचं घर मिळवून देणारा, हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच दाखवायला नेणारा, ख्रिसमसला एकटा राहू नये म्हणून घरी जेवायला बोलावणारा. अपघात झाल्यावर अँब्युलन्समध्ये तोच चढला. हेमंतचा हात वर धरून बसला.

हेमंत अर्धवट शुद्धीत. म्हणतो काय, "सॉरी डेक्लन, आजचा सगळा लॉट वाया गेला!"

डेक्लन म्हणाला, "नाही नाही, सॉरी मी."

"नाही, खरंच सॉरी. तुझा शर्ट खराब झाला."

"शर्टाचं सोड रे! सॉरी!"

लिमरिकचं हॉस्पिटल येईपर्यंत हे चालू. शेवटी पॅरामेडिक बाई वैतागली. "एक मिनिट! मला आधी सांगा, बोट नक्की कोणाचं गेलंय?"

*

मधल्या बोटाचं टोक गेलं. तर्जनी वाचली, पण तारा घालून, आणि ती काही केल्या वाकेना. आता कॅरम खेळणाऱ्याला उजवी तर्जनी म्हणजे काय, हे मी मराठी माणसाला सांगायला नको. हेमंत बोर्डावर बसला की बाकीचे चहा टाकायला उठायचे, कारण आपली पाळी येणारच नाही, याची सगळ्यांना खात्री असायची!

हॉस्पिटलातून तो घरी आला आणि आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला: वकील करायचा का?

इथली पद्धत अशी, की कामावर मोठी इजा झाली तर भरपाईचा दावा आधी एका सरकारी बोर्डाकडे जातो. त्यासाठी वकील केला तरी चालतो, नाही केला तरी चालतो. आता 'केला तरी चालतो, नाही केला तरी चालतो' असा प्रश्न चार मराठी माणसांपुढे टाकून बघा!

"एचआरची बाई चांगली आहे. उगाच वाकड्यात कशाला शिरायचं?"

"स्टॅम्प फोर हातात पडेपर्यंत गप्प बस." स्टॅम्प फोर म्हणजे इथे एका मालकाला न बांधता नोकरी करायची मुभा. तो मिळेपर्यंत आमच्यातला वाघसुद्धा शेळी असतो.

"डब्लिनला माझ्या मावसभावाच्या रूममेटने केला होता वकील."

"मग? काय झालं?"

"काही कल्पना नाही. तो कॅनडाला गेला."

आणि प्रत्येकाचा शेवट एकच: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये!

कोपऱ्यात आबा बसले होते. आबा म्हणजे हेमंतचे सासरे. लेकीला मदत व्हावी म्हणून तातडीने इस्लामपूरहून आलेले. तिथल्या कोर्टात बेलिफ होते, समन्स पोचवण्यात जन्म गेला. बराच वेळ ऐकून घेऊन ते म्हणाले, "मी सगळी नोकरी ती पायरी रोज चढलो. म्हंजे मी येडा व्हय?"

हेमंतची बायको स्वाती ओढणीत तोंड लपवून हसत होती.

मी धीर करून विचारलं, "म्हणजे आबा, वकील करावा म्हणता?"

"छ्या! वकील आजाबात न्हाई! मी बघितल्यात की सगळे!"

हेमंतची अडचण मात्र निराळी होती. त्याने ती मला ड्रेसिंगला नेताना गाडीत सांगितली. "समीर, डेक्लनवर केस कशी करू रे? पूर्ण रस्ताभर त्याने माझा हात धरला होता. एकदाही सोडला नाही." आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला. हेमंत गाळतो तो हा भाग. मी आपला वायपर चालू केला.

*

वकील नको असं ठरलं. हेमंतने स्वतःच अर्ज केला. थोड्या दिवसांनी कंपनीच्या इन्शुरन्सवाल्यांचा माणूस घरी आला, "जरा गप्पा मारायला." नाव गेरी. गोल चेहरा, गोड बोलणं.

आता घरी आलेला माणूस कोणत्या बाजूचा आहे, हे आपल्याकडे आधी विचारतात का? स्वातीने कांदेपोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

गेरी म्हणाला, "नको, नको, त्रास नको."

इथल्या लोकांचंही आपल्यासारखंच आहे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाची वाट बघायची. स्वातीने तिसरा आग्रह केला. गेरीने तीन प्लेट खाल्ल्या!

खाता खाता त्याने विचारलं, "मग, हात कसा आहे?"

"ग्रँड!" हेमंत म्हणाला. इथे 'छान चाललंय'ला ग्रँड म्हणतात. "एकदम ग्रँड!"

जेवणाऱ्या पाहुण्यापुढे आपलं रडगाणं गाणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय. पुढे गेरीला भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड दिसला. हे काय? झालं! हेमंतने बोर्ड मांडला, पावडर टाकली, आणि गेरीला शिकवायला बसला. डाव्या हाताने. उजवा बँडेजमध्ये, म्हणून पठ्ठ्या मुकाट्याने डाव्याने सराव करत होता. गेरी सगळे गेम हरला, तरी लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. निघताना स्वातीने त्याच्या हातात चिवड्याचा डबा दिला.

मग पत्र आलं. 'दावेदार आनंदी आणि उत्साही दिसला. हातांनी खेळायचा एक वेगवान खेळ तो जोमाने खेळत होता.' त्याखाली आणखी एक वाक्य होतं. स्विच बंद असल्याची दावेदाराला पूर्ण कल्पना होती, तेव्हा अपघाताला तो स्वतःच जबाबदार आहे. सरकारी बोर्डाने भरपाई ठरवायला त्यांची संमती नव्हती, म्हणजे आता कोर्टच.

हेमंत पांढराफटक पडला. स्वातीने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "माझा डबा परत दे म्हणावं त्याला!"

*

त्याच आठवड्यात डेक्लन घरी आला. हातात घरची ॲपल टार्ट. बराच वेळ पावसाबद्दल बोलला. मग कप खाली ठेवला, घसा साफ केला.

"हे बघ, मी कंपनीचा माणूस आहे. मी काही बोलत नाहीये."

"हो हो, बरोबर," हेमंत म्हणाला.

"मी जर बोलत असतो ना, तर म्हणालो असतो, की पोस्टाच्या मागच्या गल्लीत नोरा नावाची एक सॉलिसिटर बसते. तिला जाऊन भेट. पण मी काही बोलत नाहीये."

"नाही नाही, तू काहीच बोलला नाहीस."

"मी इथे आलोही नाही."

"बरं."

"टार्टचा ट्रे मात्र परत लागेल. बायकोचा आहे."

तो गेला आणि हेमंतचं माझ्याशी सुरू झालं. "बघ, तो बिचारा काही बोलू शकत नाही. त्याला किती अवघड होतंय! अशा माणसाला कोर्टात खेचायचं?"

मी म्हणालो, "अरे पण तो म्हणाला की..."

"तो काही बोलला नाही, समीर! तो स्वतःच म्हणाला ना!"

आम्ही असा वाद घालतोय तोवर स्वाती आतून आली. "गुरुवारी अकरा वाजता. मी नोराशी बोललेय."

*

आबा सोबत येणारच होते. वकील म्हणजे काळा कोट, दारात दोन दलाल आणि पुढची तारीख, ही त्यांची कल्पना. इथे जिना चढून गेलो तर स्वेटर घातलेली एक बाई, टेबलाखाली झोपलेला म्हातारा कुत्रा, आणि पहिला प्रश्न: "चहा घेणार ना?" आबा माझ्या कानात म्हणाले, "हिचा चहा पिऊ नगा. फीमदी लावती."

नोराने आधीच सांगून टाकलं, "दावा कंपनीच्या विम्यावर आहे, डेक्लनच्या घरावर नाही. आणि तुला माझं नाव कुणी सांगितलं, हे मी विचारलेलं नाही." मग तिने नियम सांगितले. एक, डेक्लन तुमच्या मित्रांतला असला तरी केस संपेपर्यंत अपघाताबद्दल त्याच्याशी अक्षर बोलायचं नाही. दोन, इन्शुरन्सच्या माणसाला पोहे द्यायचे नाहीत. "आणि तीन, सॉरी म्हणायचं नाही. कुणालाच. कशाबद्दलच. तू इथे आल्यापासून माझ्या कुत्र्याला दोनदा सॉरी म्हणालायस."

"सॉरी," हेमंत म्हणाला.

नोराने डोळे मिटून घेतले. मग पेन उचललं. "आता सांग. हात कसा आहे?"

"ग्रँड."

तिने पेन खाली ठेवलं. आणि आबा एकदम मराठीत बोलायला लागले. स्वातीला, पण नोराकडे बघत.

"तिला म्हणावं, ग्रँड न्हाई. माझा जावई चमच्यानं भाकरी खातो. शर्टाची बटनं माझी पोरगी लावती. परवा न्हाणीत नळ सुटंना, तर हाक मारायची लाज वाटली म्हनून तसाच साबण अंगाला घिऊन बसला. मी दाराभाईर हुतो, मला ठावं हाय."

स्वातीने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि मधेच तिला रडू फुटलं. हेमंत टेबलाखालच्या कुत्र्याकडे बघत राहिला. आम्ही रोज त्याला भेटत होतो, रोज चेष्टा करत होतो, आणि आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

नोराने सगळं लिहून घेतलं. मग आबांना विचारलं, "भाकरी म्हणजे काय?"

आबांनी दोन्ही तळहातांनी हवेत भाकरी थापून दाखवली. मग तव्यावर टाकली. उलटवली. नोरा एकटक बघत होती. शेवटी आबांनी समोरचा चहाचा कप उचलला आणि एका दमात संपवला. जिना उतरताना म्हणाले, "बाई बरी हाय. वकील वाटत न्हाई."

*

प्रकरण लांबलं. हेमंत कामावर परतला, पण मशीनवर नाही. नव्या लोकांना शिकवायचं काम दिलं. जागा नेमकी डेक्लनच्या केबिनसमोर! दोघांनाही आपापल्या वकिलांची ताकीद: अपघाताबद्दल बोलायचं नाही. मग राहिलं काय? हवा.

इतकी हवा मी आयुष्यात ऐकली नाही. "आज जरा ओलसर आहे." "हो, पण मऊ आहे." मऊ म्हणजे इथली न बोचणारी झिमझिम. "उद्या उघडेल म्हणतात." "म्हणतात खरं." मग दुपारी पुन्हा तेच, जरा जास्त कळकळीने. इथे फेब्रुवारी लागला की प्रत्येक माणूस प्रत्येकाला सांगतो, "दिवस मोठा व्हायला लागला, नाही?" हे दोघं ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे, की कुणाला वाटावं घरातल्या आजारी माणसाची चौकशी चाललीये.

एकदा कॉफी मशीनपाशी हेमंत थांबला होता. उजव्या हाताने बटण दाबायला गेला आणि तर्जनी घसरली. डेक्लन मागे उभा. त्याने पुढे होऊन बटण दाबलं. दोघंही एकदम तोंड उघडून 'सॉ...' म्हणाले आणि तिथेच थांबले!

डेक्लन म्हणाला, "सोसाट्याचा वारा सुटलाय."

हेमंत म्हणाला, "सुटलाय खरा."

खिडकीबाहेर पानसुद्धा हलत नव्हतं.

*

आणि आता कोर्टाचा दिवस. नोव्हेंबर. आबा दुसऱ्यांदा आले होते, खास आयर्लंडचं कोर्ट बघायला. इस्त्रीचं धोतर, वर स्वातीने घेतलेला जाड कोट, डोक्यावर टोपी. कोर्टाच्या पायरीपाशी ते क्षणभर थांबले, वाकून पायरीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "चला. शहाण्यांनी भाईर थांबा."

पण इथे बहुतेक दावे न्यायाधीशापर्यंत जातच नाहीत. एका खोलीत आपली बाजू, दुसऱ्या खोलीत त्यांची, आणि मधल्या बोळात वकिलांची ये-जा. मी आणि आबा बोळातल्या बाकावर बसलो. नाव पुकारत कसं नाहीत, याचा आबांना फार त्रास होत होता.

त्यांच्या बाजूचा एकच मुद्दा होता. स्विच बंद आहे हे हेमंतला माहीत होतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. खरं काय ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि तो त्यांच्या खोलीत बसला होता. हेमंत सकाळी मला म्हणाला होता, "केस हरलो तर चालेल रे. पण डेक्लन खोटं बोलला, तर मला नाही सहन होणार."

तेवढ्यात गेरी आला. बाकावर आम्हाला बघून लाजला. पिशवीतून स्वातीचा डबा काढला आणि आबांच्या हातात दिला. आत सोडा ब्रेडचे जाड तुकडे, लोण्यासकट. रिकामा डबा परत करायचा नाही, हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे!

नोराने त्याला तिथेच गाठलं. "गेरी, तो खेळ. कोणत्या हाताने खेळला तो?"

"डाव्या."

"हे लिहिलंस का?"

"कुणी विचारलं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि तरी मी एकही गेम जिंकलो नाही. हेही लिहिलं नाही."

नोरा आत गेली. बराच वेळ गेला. आबांनी एक ब्रेडचा तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला. त्यांच्या खोलीतून आधी चढे आवाज आले, मग काहीच नाही. मग नोरा बाहेर आली. तिचा चेहरा बघून मी उभाच राहिलो.

"डेक्लनने स्वतःच्याच वकिलांना सांगितलं," ती म्हणाली. "तो म्हणाला, 'हेमंतने मला दोनदा सांगितलं होतं, मीच म्हणालो ऑर्डर जाऊ दे. शपथेवर विचाराल तर हेच सांगेन, आणि नाही विचारलंत तर उभा राहून सांगेन.'"

त्यानंतर बोलणी संपायला फार वेळ लागला नाही. कागद आले. हेमंतने डाव्या हाताने सही केली. स्वाती भिंतीला टेकून रडत होती आणि हसत होती. नोराने पेनाचं टोपण लावलं आणि दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडली.

"संपलं. आता काय हवं ते बोला एकमेकांशी. सॉरीसुद्धा!"

डेक्लन बाहेर आला. हेमंत त्याच्यासमोर. वर्षभराचं साठलेलं, आणि आता मनाई नाही. बोळाच्या टोकाला मोठी खिडकी होती. बाहेर धो धो पाऊस, आणि पाच वाजताच गडद अंधार.

डेक्लनने हेमंतचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अँब्युलन्समध्ये धरला होता तसा. ओठ हलले. खिडकीकडे बघितलं.

"दिवस मोठा व्हायला लागला, नाही?"

हेमंतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "हो रे," तो म्हणाला. "ग्रँड."

आबांनी माझी बाही ओढली. "काय म्हनला त्यो?"

मी सांगितलं.

आबांनी खिडकीतून बाहेरच्या अंधाराकडे नीट बघून घेतलं. मग टोपी सारखी केली.

"व्हय की," ते म्हणाले. "झालाय मोठा."